हरणांची पेरणी

वयाच्या विसाव्या वर्षी मी एक नेम केला होता. शेतीच्या बाबतीत पुन्हा म्हणून कोणाला सल्ला द्यायचा नाही! हा नेम मी एकावन्न वर्षे निष्ठेने पाळला. भूगोलाचा मास्तर म्हणून मोसमी वाऱ्यांचे बाण फळ्यावर हजारदा काढले, पण "मास्तर, औंदा पाऊस कसा?" असे कोणी विचारले, की मी हसून विषय बदलीत असे. आणि एवढा जपलेला नेम मोडला कुठे म्हणाल? अमेरिकेत! कोणासाठी? एका शिकाऱ्यासाठी! आणि पेरायचे तरी काय होते? तर हरणांना बंदुकीच्या टप्प्यात आणणारे पीक! माझे वडील पंढरीचे वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. आमच्या घरात कधी अंडेसुद्धा आले नाही. त्यांच्या मुलाने हा उद्योग करावा, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. म्हणून सारी हकीकत सांगून टाकतो.

२०२३ सालच्या जून महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे गेलो. ती विस्कॉन्सिन राज्यात राहते, मॅडिसन शहरापासून तासाभराच्या अंतरावर, सॉक काउंटीत. मुलीच्या घरामागे एक डोंगरउतार आहे. खाली मका आणि सोयाबीन, वर ओक वृक्षांचे रान. या जमिनीचे मालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर गाई पाळल्या, दूध घातले. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा गाई विकल्या आणि शेत खंडाने देऊन टाकले. फक्त रानाच्या कडेचा अर्धा एकर, म्हणजे आपले वीस गुंठे, त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. सकाळी फिरायला जाताना त्यांची माझी गाठ पडे. ते मला 'टीचर' म्हणत. मी त्यांना मनातल्या मनात शेजारीबुवा म्हणू लागलो.

जुलैच्या अखेरीस एके सकाळी पाहतो, तर बुवा त्या तुकड्याच्या बांधावर एक जुनी वही उघडून बसलेले. मी विचारले, "काय पेरणार?"

"सलगम, रेप, ओट आणि राय."

राय म्हणजे आपली राई नव्हे. ते गव्हाच्या जातीचे एक धान्य. आपली राई निघाली ती सलगमच्या पिशवीत! बुवांनी तळहातावर बी ओतून दाखवले, तेव्हा मला सौ.च्या मिसळणाच्या डब्याचीच आठवण झाली. सलगम आणि रेप ही दोन्ही मोहरीच्याच कुळातली. बी तसेच बारीक, गोल.

"आणि बाजार कुठला?" मी विचारले. शेतकऱ्याचा मुलगा दुसरे काय विचारणार?

"बाजार नाही. हे हरणांसाठी."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. आमचे गाव कर्जत तालुक्यात, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. जवळच रेहेकुरीचे माळरान; तिथे १९८० साली काळविटांचे अभयारण्य झाले. त्या आधीपासून ती काळविटे आमच्या ज्वारीत उतरत. माझे सारे बालपण माळ्यावर बसून गोफण फिरवण्यात गेले. हरणाने खाऊ नये म्हणून रात्र रात्र जागणारी माणसे मी पाहिली होती. हरणाने खावे म्हणून खत घालून, नांगरून, बी विकत आणून पेरणारा माणूस मी जन्मात प्रथमच पाहत होतो. क्षणभर वाटले, काय थोर भूतदया ही!

बुवांनी पुढचे वाक्य उच्चारले आणि माझी भूतदया जागच्या जागी थिजली. रानाच्या कडेला चार खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी खोपटाकडे बोट करून ते म्हणाले, "नोव्हेंबरात माझा नातू तिथे बसणार आहे. बारा वर्षांचा आहे. त्याची पहिली शिकार. आणि माझ्या गुडघ्यांकडे पाहता, बहुधा माझी शेवटची."

ते खोपटे म्हणजे हुबेहूब आमचा माळाच होता. काम तेवढे उलटे!

घरी येऊन मी हा प्रकार सौ.ला सांगितला. ती भाजी निवडीत होती. हात थांबवून म्हणाली, "अहो, म्हणजे पाहुण्याला पानावर बोलवायचं, आणि घास घेताना मारायचं? हे कुठलं मेलं आतिथ्य? तुम्ही त्या भानगडीत पडू नका हं!"

मलाही ते पटले. परंतु मास्तरकीचा एक दुर्गुण असा, की न पटलेली गोष्टसुद्धा नीट समजून घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मी रोज बांधावर जाऊन बसू लागलो.

बुवांनी मला जे सांगितले त्याचा गोषवारा असा. ही पांढऱ्या शेपटीची हरणे. घाबरली की शेपूट निशाणासारखी उभारून पळतात, म्हणून हे नाव. एकोणिसावे शतक संपता संपता बेसुमार शिकारीने साऱ्या देशात ती काही लाखच उरली होती. मग कायदे झाले, शिकारीचे दिवस ठरले, आणि आता ती तीन कोटींच्या घरात असावीत असा अंदाज आहे. त्यांना खाणारे लांडगे या भागातून माणसाने केव्हाच संपवले. लांडगा गेला की हरणे वाढतात, रानातले कोवळे रोप न् रोप खातात, आणि मग एखाद्या कडक हिवाळ्यात उपाशी मरतात. याच सॉक काउंटीत आल्डो लिओपोल्ड नावाच्या प्राध्यापकाने १९३५ साली एक ओसाड शेत विकत घेऊन तिथे झाडे लावली. तरुणपणी स्वतः लांडगे मारलेल्या या माणसाने पुढे हेच लोकांना कळकळीने सांगितले. १९४८ साली शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवायला धावला असता तो हृदयविकाराने गेला. त्याचे गाजलेले पुस्तक दुसऱ्या वर्षी निघाले.

"मी एक हरीण नेतो," बुवा म्हणाले, "आणि बाकीची मार्चपर्यंत इथे जेवतात. हिशेब तुम्हीच करा."

हिशेब मला काही सुटला नाही. मात्र कायद्याची एक गंमत कळली. त्या काउंटीत हरणांसाठी मक्याचा ढीग ओतून ठेवायला बंदी आहे. २००२ साली विस्कॉन्सिनात हरणांचा एक असाध्य रोग सापडला. त्यात मेंदू सडतो आणि जनावर झिजून मरते. एका ढिगावर अनेक तोंडे आली की रोग पसरायला सोपे. पण उभ्या पिकात हरीण आले तर ती शेती! म्हणजे तेच दाणे ओतले तर गुन्हा आणि पेरले तर धंदा. हे ऐकून सौ. म्हणाली, "वकिलांचं राज्य इथूनतिथून सारखंच!"

खरी गोडी होती ती पेरणीच्या वेळेत. बुवांच्या वहीत तीस वर्षांच्या पेरण्यांच्या तारखा होत्या. हे गणित पुढून नव्हे, मागून मांडायचे. बंदुकीचा हंगाम सुरू होतो नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी, आणि चालतो नऊ दिवस. त्या दिवसांत पीक ताटात वाढल्यासारखे हवे. सलगमच्या पाल्याची एक खुबी आहे. तो आधी किंचित कडवट असतो. ऑक्टोबरात दव गोठू लागले, की त्यातला पिष्टमय अंश साखरेत बदलतो आणि पाला गोड होतो. मग हरणे त्यावर तुटून पडतात. पाला संपला की कंद उकरून खातात. तेव्हा दव गोठायच्या आधी साठ-सत्तर दिवस मिळतील अशा बेताने, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, सलगम जमिनीत पडला पाहिजे. फार लवकर पेरला तर तण माजते आणि पाला जून, राठ होतो. उशिरा पेरला तर थंडी त्याला वाढूच देत नाही. ओट त्यानंतर, ऑगस्टच्या उत्तरार्धात. तो कडक थंडीत मरतो, पण तोवर कोवळा आणि गोड. राय सर्वांत शेवटी, सप्टेंबरात पेरली तरी चालते. ती बर्फाखालीही जिवंत राहते आणि वसंतात पुन्हा हिरवी होते. थोडक्यात, पहिल्या पंगतीला ओट, दुसरीला सलगम आणि तिसरीला राय!

मला आमची नक्षत्रे आठवली. मृगात बाजरी, हस्ताच्या पावसावर ज्वारी. देश दुसरा, पीक दुसरे, खाणारा दुसरा. पण पेरणाऱ्याच्या कपाळावरची आठी तीच.

कारण त्या साली तिकडे पाऊस नव्हता. विस्कॉन्सिनात २०२३चा उन्हाळा फार कोरडा गेला. हिरवळी पिवळ्या पडल्या, मक्याची पाने सुरळीसारखी वळली. ऑगस्ट लागला आणि एका संध्याकाळी चांगली सर आली. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर बुवांनी बियाण्याच्या पिशव्या बांधावर आणलेल्या, ट्रॅक्टर सुरू! तारीख वहीतली, पाऊस आभाळातला. दोन्ही जुळले होते.

का कोण जाणे, मी खाली बसलो आणि खुरप्याने माती उकरली. दोन बोटे ओल. आणि त्याखाली भुकटी. कोरडी ठणठणीत!

माझ्या छातीत धस्स झाले. ही भुकटी मी ओळखीत होतो.

१९७२ सालचा जून. मी नगरच्या कॉलेजातून सुटीला घरी आलेला. मृगाची एक सर पडून गेली होती. दादा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी शेतात जाऊन माती हातात घेत, मुठीत दाबत आणि परत येत. "अजून ओलीला ओल भिडली नाही," म्हणत. वरच्या पावसाची ओल खाली उतरून जमिनीच्या पोटातल्या ओलीला भेटली पाहिजे, मगच पेरायचे, हा त्यांचा शिरस्ता. मला त्या अडाणीपणाचा राग येई. मी पुस्तकातले दाखले दिले. बाजरी जितकी लवकर तितके पीक चांगले, शेजारच्यांच्या पाभरी चालू झाल्या, आपणच मागे राहणार, असे तीन दिवस त्यांच्यामागे लागलो. चौथ्या दिवशी दादा म्हणाले, "तू शिकलेला. तू म्हणतोस तर पेरू." नेहमी ते निम्मे बी राखून ठेवीत. त्या साली माझ्याच सांगण्यावरून सगळे पेरले.

चौथ्या दिवशी सुया उगवल्या. काय डौल होता त्या हिरव्या ओळींचा! मी गावभर मिरवलो. बाराव्या दिवशी त्या ओळींचे काड झाले. वरची दोन बोटे ओल बियाला उगवायला पुरली, जगायला पुरली नाही.

त्यानंतर पाऊस आलाच नाही. तो दुष्काळ साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमची खिलारी जोडी गेली. आई आणि दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो मिळे, त्याच्या भाकरी खाल्ल्या. आज शांतपणे विचार केला तर दिसते, की त्या साली केव्हाही पेरले असते तरी पीक आले नसतेच. हे खरे. पण बी राहिले असते. आणि बी राहिले असते तर पुढच्या साली ते विकत घेण्यासाठी आईच्या पाटल्या मोडाव्या लागल्या नसत्या. दादांनी मला त्याबद्दल अवाक्षराने कधी विचारले नाही. १९८९ साली ते गेले. त्यांनी बोल लावला नाही आणि मी क्षमा मागितली नाही. गोष्ट तिथेच राहिली.

आणि आता एकावन्न वर्षांनी, हातात मिलोच्या देशातली माती घेऊन, मी एका परक्या माणसाला म्हणत होतो, "थांबा. आज पेरू नका."

बुवांनी ट्रॅक्टर बंद केला. त्यांच्या कपाळावर आठी होती. "टीचर, पंधरा तारखेनंतर सलगम पेरण्यात अर्थ नाही."

"ठाऊक आहे."

"आणि तोपर्यंत पाऊस आलाच नाही तर?"

मी काय सांगणार? म्हटले, "तर रायचे बी घरात शाबूत असेल. ती सप्टेंबरात पेरा. पण आज पेराल तर सलगमचं बी हकनाक जाईल."

त्यांनी खुरपे घेऊन दुसरीकडे उकरून पाहिले. तिसरीकडे पाहिले. काही न बोलता पिशव्या उचलल्या आणि निघून गेले.

त्यापुढचे दहा-बारा दिवस मी कसे काढले ते माझे मलाच ठाऊक. जावई फोनवर हवामान दाखवी; मी दिवसातून दहादा विचारी. रात्री उठून गॅलरीत उभा राही. सौ. म्हणाली, "अहो, तुमचं शेत का आहे ते? आणि पाऊस नाही आला तर बरंच की! हरणं वाचतील बिचारी." तिचे म्हणणे तर्काला धरून होते, पण माणसाच्या मनाला तर्क लागतो असे कोणी सांगितले? दरम्यान टेकडीपलीकडच्या एकाने त्याच पहिल्या सरीवर पेरले होते. त्याचा सलगम उगवूनही आला. बुवा मला तिकडे घेऊन गेले आणि ती हिरवी लव दाखवून नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मला बहात्तर सालच्या हिरव्या ओळी दिसल्या. आठवड्याने तिथे काही उरले नव्हते. पण त्याचा आनंद मानण्याइतका मी अजून कोडगा झालेलो नाही.

ऑगस्टच्या मध्यास पाऊस आला. रात्रभर आला, मुरवणीचा, आवाज न करता. सकाळी बुवा दारात हजर. "आता?"

"आता नाही. वापसा येऊ द्या."

हा शब्द मी मराठीतच म्हटला, कारण दुसरा सुचेना. चिखल सुकून माती हाताला चिकटेनाशी झाली, तरी मुठीत दाबली की गोळा व्हावी आणि बोट लावले की मोडावी, अशी ती वेळ. ती तारखेत नसते, मातीत असते. बुवांनी शब्द दोनदा घोळवला. सोळा तारखेला पहाटे आम्ही शेतात गेलो. अजून अंधार होता. पूर्वेला मृग नक्षत्र नुकते वर आले होते. त्याच्या पाठीवर असणारा व्याध अजून क्षितिजाखालीच होता. मी मुठीत माती दाबली. गोळा झाला, बोट लावताच मोडला.

"पेरा," मी म्हणालो.

सव्वा किलोभर बी त्या वीस गुंठ्यांच्या निम्म्याहून अधिक भागाला पुरून उरले. हाताने फिरवायच्या यंत्राने ते फेकले, वरून लोखंडी रूळ फिरवला. मोहरीसारखे बी, पाव इंचाहून खोल गेले तर वर यायचे नाही. उरलेल्या पट्ट्यांत पुढे ओट आणि राय पडली. मी निम्मे बी राखून ठेवायला सांगितले नसते तरच नवल!

पीक आले. वहीतल्या तारखेला उशीर झाल्यामुळे सलगम काही पोसले नाहीत. मोठ्या लिंबाएवढे झाले. मी ओशाळलो. बुवा म्हणाले, "हरणं काय फूटपट्टी घेऊन येतात?" पाला मात्र गुडघ्याला लागत होता. ऑक्टोबरात एके सकाळी त्यावर पांढरी साखर पेरल्यासारखे गोठलेले दव दिसले आणि दोन-तीन दिवसांत कडेची पाने खुरटलेली दिसू लागली. पाहुणे आले होते.

दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. आदल्या दिवशी बुवा टोपलीभर सलगम पाल्यासकट घेऊन आले. सौ.ने टोपलीकडे पाहिले. पाल्याचे पान चुरून हुंगले. "अहो, हा तर मुळ्याचाच भाऊ!" आणि दिवाळीच्या दिवशी आमच्या पानात, चकल्या-करंज्यांच्या शेजारी, सलगमच्या पाल्याची पीठ पेरून केलेली भाजी आली. हरणांच्या ताटातले आम्ही वाढून घेतले! शाकाहाराच्या बाबतीत आम्ही एकाच पंगतीचे आहोत, हे माझ्या तोवर लक्षात आले नव्हते.

आणि १८ नोव्हेंबर उजाडला. बुवांनी मला खोपटात येऊन बसायचे आग्रहाचे निमंत्रण दिले होते. सौ. दोन दिवस बोलली नाही. निघताना बुवांनी मला एक झगझगीत नारिंगी डगला आणि टोपी दिली. शिकाऱ्याने शिकाऱ्याला हरीण समजून गोळी घालू नये म्हणून तिकडे हा रंग घालतात. हरणाला तो आपल्यासारखा भडक दिसत नाही. मला त्या वेषात पाहून सौ.ला हसू आवरेना. "शिकारीला निघालात की संन्यास घेतलात?"

पहाटे पाचला आम्ही तिघे खोपटात बसलो. बर्फ नव्हते, पण थंडी हाडांत शिरत होती. पोरगा गप्प. वेळ जावा म्हणून मी त्याला नैर्ऋत्येकडे उतरलेले मृग नक्षत्र दाखवले.

"ओरायन," तो कुजबुजला. "शिकारी."

"आमच्याकडे ते हरीण," मी म्हणालो. "ते चार तारे म्हणजे त्याचे पाय. तुम्ही ज्याला पट्टा म्हणता ते तीन तारे म्हणजे त्याला लागलेला बाण. आणि मागे तो तेजस्वी तारा आहे ना, तो शिकारी."

तो बराच वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तेच तारे?"

"तेच."

फटफटले. सूर्योदयाच्या आधी अर्धा तास कायद्याने मुभा असते. तेवढ्यात रानाच्या कडेने एक मादी आली, मागे दोन पाडसे. वर्षाच्या आतली, पण चांगली वाढलेली. ती आमच्या सलगममध्ये शिरली. पाने ओरबाडल्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येत होता. पोराने बंदूक उचलली. माझा श्वास अडकला. बुवा त्याच्याकडे पाहत होते. पण काही सांगत नव्हते. 'मार' नाही, 'थांब' नाही. दोन मिनिटे गेली असतील. मला ती दोन तासांसारखी वाटली. मग पोराने बंदूक खाली घेतली.

"आजोबा, ती नीट आडवी उभी राहत नाहीये. नुसती जखमी होईल. आत्ता नको."

बुवांनी मान हलवली. तेवढेच. आणि मला मात्र एकदम दादांची आठवण आली. विसाव्या वर्षी मला जे कळले नाही ते या पोराला बाराव्या वर्षी कळत होते. आणि शेतात उभे राहून मुलाच्या हट्टापुढे मान हलवताना दादांना काय वाटले असेल, ते मला एकाहत्तराव्या वर्षी थोडेसे कळले.

हरीण पडले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. मी तिथे नव्हतो. सौ. फोडणी करीत होती, मोहरी तडतडली आणि त्याच वेळी टेकडीवरून एकच आवाज आला. आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिने गॅस बंद केला आणि हात जोडले.

संध्याकाळी मी गेलो, तेव्हा पोरगा पायरीवर एकटाच बसला होता. हरणाचे डोके त्या रोगाच्या तपासणीसाठी पाठवायचे होते. निकाल येईपर्यंत मांस कोणी खाणार नव्हते. तो रडला होता हे दिसत होते. मी शेजारी बसलो. त्याने विचारले, "टीचर, तुम्हाला कधी असं वाटलंय? की जे केलं ते चूक नव्हतं, तरी वाईट वाटतं?"

मी म्हटले, "माझं तर चूकही होतं." आणि त्याला बहात्तर सालची हकीकत सांगितली. सारी. बैलजोडी, पाटल्या, खडी. ही गोष्ट मी सौ.लाही कधी इतकी सविस्तर सांगितली नव्हती. परक्या भाषेत, परक्या मुलाला सांगताना ती सोपी गेली. त्याने शेवटी एवढेच विचारले, "तुमचे वडील रागावले?"

"नाही."

"माझे आजोबाही रागावत नाहीत," तो म्हणाला.

शिकार बरी की वाईट, याचा निकाल मी लावू शकलेलो नाही. तो लावण्याइतका आता मी तरुण नाही. आम्ही निघायच्या आदल्या रात्री बर्फाची पातळ साय पडली होती. गॅलरीतून पाहिले, तर त्या तुकड्यात हरणे खुरांनी बर्फ उकरून सलगम खात होती. मोजली, अकरा होती.

सकाळी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा बुवांनी वही पुढे केली. "तुमचा तो शब्द पुन्हा सांगा. स्पेलिंग चुकायला नको." २०२३च्या पानावर त्यांनी लिहिले होते: १६ ऑगस्ट. मी एकेक अक्षर सांगितले. त्यांनी चष्मा लावून, सावकाश, तारखेपुढे लिहिले: वापसा.

तो शब्द माझा नव्हे, दादांचा. पण तेवढे समजावून सांगायला गाडी थांबणार नव्हती.